गायकीचा दगड खालून वाचताना

जमिनीच्या वर एकशे एकवीस सेंटिमीटर. रुंदी त्रेचाळीस. जाडी एका अंगाला अठरा आणि दुसऱ्या अंगाला साडेसोळा. टेप दोनदा लावून पाहिला. लहानपणी हाच दगड माझ्या नऊ विती भरायचा, आता साडेपाच भरतो. म्हणजे दगड तेवढाच राहिला आणि वीत वाढली. एवढं मला खात्रीनं सांगता येतं. पुढे जे लिहितो आहे त्याबद्दल तेवढी खात्री नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

गजू माझा चुलतभाऊ. तो गावी शेती करतो, मी यवतमाळात लोहाऱ्याच्या अलीकडे घर बांधून राहतो. या पावसाळ्याच्या सुरुवातीला त्याचा फोन आला. गावच्या पोरांनी गायकीच्या दगडाभोवती सिमेंटचा ओटा बांधला होता, वर टिनाचं छप्पर टाकलं होतं आणि आता तिथं पाटी लावायची होती. पाटीवर काय लिहायचं ते मी द्यावं, असं ठरलं होतं. मी म्हटलं, मी काही इतिहासाचा माणूस नाही. त्यावर तो म्हणाला की मी मोजल्याशिवाय बोलत नाही, लग्नाच्या पंगतीत पत्रावळी किती उठल्या तेसुद्धा मोजतो, म्हणून पोरांनी माझंच नाव घेतलं. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, ते मला नीट कळलं नाही. अठ्ठावीस वर्षं मी जमिनी मोजण्याचं काम करतो आहे. दुसऱ्यांच्या धुऱ्यांवर उभं राहून, हा बांध तुमचा आणि हा तुमच्या भावाचा, असं सांगण्यात आयुष्य गेलं. जे दिसतं आणि मोजता येतं तेच लिहायचं, ही सवय त्यातूनच लागली.

तर एका रविवारी एसटीनं फुलसावंगीला उतरलो आणि तिथून ऑटोनं गावी गेलो. आमचं गाव तिथून अर्ध्या तासावर आहे. आखरावर पोचलो तेव्हा नुकता पाऊस पडून गेला होता आणि छपराखालीही तिरप्या सरींनी भिजून दगड काळा, ओला, तेल लावल्यासारखा दिसत होता. आखर म्हणजे गावाबाहेरची ती मोकळी जागा, जिथं सकाळी गावभरची गुरं गोळा व्हायची. आता तिथं गुरं नव्हती. दोन ट्रॅक्टर उभे होते. तरी मला शेणाचा वास आला. खरंच आला की आठवणीतून आला, ते सांगता येणार नाही.

दगडावर एकावर एक अशा तीन चौकटी कोरलेल्या आहेत. सगळ्यात वर महादेवाची पिंड, तिच्यापुढे हात जोडून बसलेला एक माणूस आणि कोपऱ्यात चंद्र-सूर्य. मधल्या चौकटीत तोच माणूस आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन बाया. सगळ्यात खाली तो हातात काहीतरी उगारून उभा आहे, समोर दोन माणसं आहेत आणि पायाशी गाई. लहानपणी मी सात गाई मोजल्या होत्या. त्या रविवारी पाच भरल्या. मी तेव्हा चुकलो होतो की इतक्या वर्षांच्या तेला-शेंदरानं आणि विळ्यांना धार लावण्यानं दोन गाई पुसल्या गेल्या, कोण जाणे.

अशा दगडाला वीरगळ म्हणतात हे मला पुष्कळ मोठेपणी कळलं. गावात तो नुसता ‘गायकी’ होता. आमच्याकडे गावची गुरं रानात चारायला नेणाऱ्याला गायकी म्हणतात. पायाशी गाई कोरल्या आहेत, म्हणजे तो गायकी, इतकं साधं होतं. आणि त्याची गोष्ट गावातल्या प्रत्येक पोराला पाठ होती, कारण ती दगडावरून वाचून दाखवली जायची. वाचायची अर्थातच वरून खाली, जसं सगळं वाचतात तसं. पहाटे उठून गायकीनं महादेवाची पूजा केली. मग दोन्ही बायकांचा निरोप घेतला. डावीकडची थोरली, कारण तिचं तोंड जरा वाकडं आहे. मग तो गाई घेऊन रानात गेला आणि तिथं त्याची कोणाशी तरी बाचाबाची झाली. त्याच्या खाली दगड जमिनीत जातो, म्हणून गोष्टही तिथंच थांबायची.

मंग, असं आम्ही विचारायचो.

मंग काय, अजून आला नाई, असं उत्तर मिळायचं. एसटी अजून आली नाही म्हणतात, त्याच आवाजात.

तो आला की उपाशी नको म्हणून त्याच्यापुढे रोज संध्याकाळी चतकोर भाकर ठेवायची पद्धत होती. हे काम सोनामायचं. सोनामाय गावच्या खऱ्या गायकीची, लखमनकाकांची बायको. गुरं घरी आली की ती टोपली घेऊन दारोदार फिरायची आणि प्रत्येक घर तिला एक भाकर द्यायचं. सुगीत धान्य आणि रोजची ही भाकर, हाच गायकीचा मेहनताना होता. पहिल्या घरच्या भाकरीचा चतकोर तोडून ती आधी आखरावर जायची, दगडापुढे ठेवायची, मग पुढच्या घरी. पहिलं घर बहुतेक आमचंच असायचं. आमच्या चुलीवरच्या ज्वारीच्या भाकरीला कडेनं जरा करपल्याचा वास असायचा. ती टोपलीत पडली की तिच्यावरच्या फडक्याला वाफेनं ओल यायची. मी दारात उभा राहून टोपलीतल्या भाकरी मोजायचो. माझ्याकडे न बघता ती म्हणायची, मोज रे बापू, एकही कमी भरली तं तुह्या घरची दोन घेईन.

त्या दिवसांचा क्रम माझ्या डोक्यात नीट लागत नाही. काम असं आहे की कागदावर क्रमांक टाकल्याशिवाय मी पुढं जात नाही, पण इथं क्रमांक टाकायला गेलो की सगळं घसरतं. पावसाळ्यात ओल्या घोंगडीचा वास होता, गुरांच्या अंगाच्या वाफेचा होता, चिखलात खुरं रुतून निघताना होणारा ‘पक्’ असा आवाज होता. हिवाळ्यात आखरावर शेकोटी असायची आणि तिच्यात भाजलेल्या तुरीच्या शेंगा. उन्हाळ्याच्या तोंडाला गुरं रानातून परत यायची तेव्हा त्यांच्या श्वासाला मोहफुलांचा आंबूस गोड वास यायचा आणि लखमनकाका म्हणायचे, आज सगळ्या झिंगून राह्यल्या, दूध जपून प्या. पण शेकोटीजवळ बसलेले लखमनकाका मला आठवतात तेव्हा त्यांच्या खांद्यावर पावसाळ्यातली घोंगडी असते आणि हातात मोहफुलं. असं होणं शक्य नाही. तरी दिसतं तसंच.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी असते. बैलांचे खांदे लोण्या-हळदीनं चोळायचे आणि त्यांच्या कानात म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. आमच्या गावात बैलांचं झालं की तेच लोणी-हळदीचं बोट दगडावरच्या गायकीच्या खांद्याला लावायचे आणि त्यालाही आवतन द्यायचे. इतरांच्या गावी असं नाही, हे मला लग्नानंतर सासुरवाडीला कळलं. तिकडे मी पोळ्याला विचारलं, तुमचा गायकी कुठं आहे? सासरे बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

मी चौथीत होतो त्या वर्षी, पावसाळा संपता संपता, एका संध्याकाळी गुरं आली ती दोन गाई कमी आली. एक पाटलांची होती, एक आमची. लखमनकाका आमच्या दारात आले. माझ्या आईनं दिलेलं पाणी ते उभ्यानंच प्यायले, तांब्या परत दिला आणि काठी घेऊन आल्या वाटेनं परत गेले. मला इतकंच दिसतं. तिसऱ्या दिवशी दोन्ही गाई आपापल्या आल्या. आमच्या गाईच्या शिंगात कसलीशी वेल अडकली होती, तिला पांढरी फुलं होती आणि ती सुकली नव्हती. लखमनकाका आले नाहीत. माणसं रानात गेली, नदीपर्यंत गेली, शेजारच्या तालुक्यात जाऊन आली. ते कुठेच नव्हते.

एक वर्ष गेलं. मग एका सकाळी आखरावर माणसं बसली. सोनामायच्या कुंकवाचं काय करायचं, असा प्रश्न होता. तिच्या सासरकडची दोन माणसं म्हणत होती की पुसायला पाहिजे, नाही तर घराला दोष लागेल. सोनामाय बाजूला, डोक्यावरचा पदर तोंडापर्यंत ओढून बसली होती. ती तेव्हा सव्वीस वर्षांची होती. मतदार यादीत तिचं वय तीन वर्षं जास्त आहे, पण ते चूक आहे. गावातले सगळ्यात म्हातारे दौलतबुढे ऐकत बसले होते. मग त्यांनी काठीनं दगडाकडे दाखवलं.

“थो गायकी अजून आला नाई. त्याले आपुन मेला म्हनतो का? मंग याले कायले म्हनाचं?”

इतकंच. माणसं उठली आणि आपापल्या वावरात गेली. कुणाला त्यात काही विचित्र वाटलं नाही. मलाही वाटलं नाही, पण मी दहा वर्षांचा होतो.

तेव्हापासून पंचेचाळीस वर्षं सोनामायच्या कपाळावर कुंकू आहे. हिरव्या बांगड्या आहेत. हळदीकुंकवाला तिला बोलावणं असतं, महालक्ष्म्यांच्या जेवणाला गजूच्या घरी सवाष्ण म्हणून तीच बसते. दुसरा गायकी आला आणि गेला. मग गावानं गायकी ठेवणंच बंद केलं. एका पोळ्याला मी आखरावर दोनशे चौदा जनावरं मोजली होती, आता सगळ्या गावात मिळून एकतीस आहेत. भाकरी देणारी दारं बंद झाली. तरी सोनामाय स्वतःच्या भाकरीचा चतकोर रोज संध्याकाळी दगडापुढे ठेवते. तो कावळा नेतो, कधी कुत्रं नेतं. हे तिला माहीत आहे.

पाटी लिहायची तर दगडाची माहिती हवी, म्हणून मी शोधाशोध केली आणि रश्मी नावाच्या मुलीशी ओळख झाली. ती अशा दगडांचा अभ्यास करते आणि स्कूटरवरून जिल्हाभर हिंडते. पुढच्या रविवारी ती आली. तिच्याकडे एक मऊ ब्रश होता, पाण्याची बाटली होती आणि एक छोटी बॅटरी. मी तिला वरची चौकट दाखवायला लागलो, तर ती खाली बसली आणि ओट्याच्या आत, दगडालगत उरलेली माती बोटांनी बाजूला करू लागली.

“सर, वीरगळ खालून वर वाचायचा असतो,” ती म्हणाली.

मी वही काढली होती. ते वाक्य मी लिहून घेतलं.

ती सांगत गेली. खाली लढाई. कोणीतरी गाई पळवून नेत आहे आणि हा त्यांना अडवतो आहे. यात तो पडतो. मधल्या चौकटीतल्या बाया म्हणजे अप्सरा, त्या त्याला वर घेऊन जातात. वरच्या चौकटीत तो महादेवापाशी पोचलेला असतो. चंद्र-सूर्य असतील तोवर याचं नाव राहील, म्हणून चंद्र-सूर्य. मी म्हटलं, आमच्या गावच्या बाया डावीकडचीला थोरली समजतात, तिच्या वाकड्या तोंडाबद्दल हळहळतात. ती हसली. मग ती अप्सरा रागावलेली असेल, म्हणाली, आठशे वर्षं सवत म्हणवून घेते आहे.

मला शाळेत शिकवलेलं युद्ध म्हणजे दोन राजे, दोन बाजू, हत्ती, घोडे आणि शेवटी सनावळी. रश्मी म्हणाली, त्या काळी पुष्कळशी युद्धं सुरूच गाई पळवण्यानं व्हायची. गावाची सगळी संपत्ती चार पायांवर होती. ती हाकून नेली की गाव मेलं. आणि ती अडवायला फौज नसायचीच, जो त्या वेळी तिथं असेल तोच उभा राहायचा. शेतकरी, राखणदार, गायकी. मग गाव त्याचा दगड उभा करायचं, कधी त्याच्या पोरांना जमिनीचा तुकडा द्यायचं. मी विचारलं, समोरची दोन माणसं कोण? ती म्हणाली, सांगता येत नाही सर, शेजारच्या गावचीही असतील. मला ते पटलं. मी ज्या धुऱ्यांच्या भांडणांत मोजणी करतो, त्यांत समोरचा नेहमी शेजारचाच असतो.

घडणीवरून दगड बाराव्या-तेराव्या शतकातला असावा, असं तिनं सांगितलं. ‘असावा’ हा शब्द तिनं दोनदा उच्चारला, ते मला आवडलं.

परत येताना एसटीत मी आकडे मांडत बसलो. सातशे वर्षं धरली आणि रोज चतकोर धरला, तर दोन लाख पंचावन्न हजार पाचशे चतकोर. म्हणजे त्रेसष्ट हजार आठशे पंच्याहत्तर भाकरी. लढाईत पडलेल्या एका माणसाची वाट पाहण्यात गेलेल्या. अर्थात ही पद्धत पहिल्या दिवसापासून आहे असं धरून, आणि ते धरणं चूक असू शकतं. ज्यांनी दगड उभा केला त्यांना तो मेला हे माहीत होतं, त्यांनी तर त्याला पुरला किंवा जाळला असेल. त्यांच्या पोरांनाही माहीत असेल. मग कधीतरी, कोणत्या तरी घरात, कोणीतरी दगड पहिल्यांदा वरून वाचला. तो अडाणी होता की शहाणा होता, चुकला की मुद्दाम तसं वाचलं, हे मला त्या दिवशी कळलं नाही आणि अजूनही कळत नाही. आर्णीला गाडी थांबली, चहावाला आला, मी चहा घेतला नाही.

घरी जेवणाच्या टेबलावर मी मजकूर लिहिला. मोजमाप, दगडाची जात, तीन चौकटी खालून वर, गाई सोडवताना वीर मरण पावला, काळ अंदाजे बारावे-तेरावे शतक. सहा ओळी. बायकोला वाचून दाखवला.

“सगळं बरोबर आहे,” ती म्हणाली. “सोनामायला कोण वाचून दाखवणार?”

मी म्हटलं, पाटी दगडाची आहे, माणसाची नाही. ती ताटं उचलू लागली. पण तोवर गोष्ट गावात पोचलीच होती. रश्मीनं सांगितलेलं गजूच्या पोरानं गावच्या मोबाइल ग्रुपवर टाकलं होतं. नळावर कोणी बाईनं सोनामायला विचारलंही होतं की गायकी तर मेलेला निघाला, मंग आता? गजूनं फोनवर हे सांगितलं आणि अडखळत आणखी एक सांगितलं. त्याच्या सुनेनं विचारलं होतं की यंदा महालक्ष्म्यांना सवाष्ण कोण बोलवायची? सोनामायला बोलवायचं की नाही? पाटी लागेपर्यंत थांबू, असं तो तिला म्हणाला होता.

म्हणजे गाव माझ्या सहा ओळींची वाट पाहत होतं.

खांदमळणीच्या दिवशी मी गावी गेलो. दुसऱ्या दिवशी, पोळ्याला, पाटी लागायची होती. सोनामायचं घर आखराला लागूनच आहे, दोन खोल्यांचं, पुढे टिनाची पडवी. ती पडवीत बसून वाती वळत होती. मला बघून तिनं आधी माझं पोट बघितलं आणि विचारलं, हे किती वाढलं थे मोजलं का? मग आत जाऊन कोरा चहा केला. पडवीत कापसाचा, खोबरेल तेलाचा आणि ओल्या भिंतीचा वास होता. समोर आखरावर पोरं बैलांची शिंगं रंगवत होती. चहा संपेपर्यंत मी इकडचं तिकडचं बोललो. मग कागद काढला आणि सगळा वाचला. एकही शब्द गाळला नाही. गाळला असता तर कदाचित बरं झालं असतं, पण मला ते येत नाही.

ती वाती वळत राहिली. एक झाली, दुसरी झाली.

“खालून वाचाचं म्हनते थे पोरगी?”

“हो, माय.”

“मंग आमी उलटं वाचलं.”

“हो.”

“सगळ्याईनं?”

“सगळ्यांनी,” मी म्हटलं. “दौलतबुढ्यांनीसुद्धा.”

तिनं हातातली वात मांडीवर ठेवली. आखराकडे बघितलं. मग माझ्याकडे न बघता, टोपलीतल्या भाकरी मोजणाऱ्या पोराशी बोलायची त्याच आवाजात बोलली.

“थे मेले असं लिहिजो बापू. पन कवा मेले, थ्या कागदावर नको लिहू.”

इथं एक गोष्ट सांगायला हवी, नाही तर बाहेरच्या माणसाच्या लक्षात येणार नाही. आमच्याकडे पुरुषाबद्दल बोलताना ‘तो’ला थो म्हणतात आणि मानाच्या ‘ते’ला थे. दगडावरच्या गायकीला सोनामाय जन्मभर थो म्हणत आली. थो आला, थो उपाशी, त्याची भाकर. थे म्हणजे लखमनकाका. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून थे. दिवसातून कितीदा तरी थो आणि थे तिच्या तोंडी असायचं आणि त्यात कधी घोळ झालेला मी ऐकला नाही. त्या दिवशी ती दगडाबद्दल बोलत होती आणि थे म्हणाली. ती चुकून म्हणाली की तिला तेच म्हणायचं होतं, हे मी विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं का, तेही ठरवता येत नाही.

मी म्हटलं, माय, साल नाही लिहायचं, फक्त शतक लिहायचं आहे. तिनं विचारलं, शतक म्हणजे? मी म्हटलं, शंभर वर्षं.

“थेही नको,” ती म्हणाली. “तारीख लागली का लोक तिथपासून मोजतात. इनं किती दिवस फुकटचं कुंकू लावलं, असं मोजतात. मेल्याले मेला म्हना लागते, थे बराबर हाय. मोजू नका म्हना.”

मी अठ्ठावीस वर्षांत एकही रकाना रिकामा सोडलेला नाही. जे कळलं नाही तिथं ‘माहिती उपलब्ध नाही’ असं लिहितो, पण लिहितो. आणि इथं तर माहिती उपलब्ध होती. मी पडवीतच पेन काढलं आणि शेवटची ओळ खोडली. ‘वीर मरण पावला’ होतं, ते ‘पावले’ केलं. व्याकरणाच्या दृष्टीनं दोन्ही चालतं.

संध्याकाळी रंगवायला दिलेल्या मजकुराचा फोटो मी रश्मीला पाठवला. लगेच तिचा फोन आला.

“सर, काळ लिहायचा राहिला.”

“राहिला नाही,” मी म्हटलं. “मी काढला.”

का, असं तिनं विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. तिनं विचारलं नाही. तिच्या वहीत काळ नोंदलेला आहे, तो तिथं राहीलच, असं ती म्हणाली. तेव्हा खरं खोटं झालेलं नाही, ते फक्त दुसरीकडे लिहिलेलं आहे. पुष्कळ वेळ मी स्वतःला हेच समजावत होतो. पूर्ण समजूत पटली असं म्हणता येणार नाही.

पोळ्याच्या दिवशी दुपारपासून आभाळ भरलं होतं, पण पाऊस आला नाही. तोरणाखाली अकरा जोड्या उभ्या राहिल्या. झडत्या, म्हणजे पोळ्याची चढाओढीची गाणी, झाल्या, पोरांनी एकमेकांच्या घरांची उणीदुणी काढून घेतली. बैल सुटल्यावर सगळे दगडापाशी आले आणि गजूच्या पोरानं पाटी मोठ्यानं वाचली. गाई सोडवताना मरण पावले, हे वाक्य आलं तेव्हा बाया सोनामायकडे बघायला लागल्या. ती सगळ्यांच्या पुढे उभी होती. पदर डोक्यावर, चेहरा उघडा, कपाळाला रोजचं कुंकू.

वाचून झालं. मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं, हे कवाचं हाय म्हंते मंग? किती वर्सं झाले? आणि सगळी माणसं माझ्याकडे वळली, कारण आकडा कोणाकडे असेल तर तो माझ्याकडे असेल, हे गावाला माहीत आहे.

माझ्याकडे आकडा होता.

“मोजता आलं नाही,” मी म्हटलं.

म्हाताऱ्यानं मान डोलावली. गजू माझ्याकडे बघत राहिला, लग्नातल्या पत्रावळी मोजणारा भाऊ पहिल्यांदाच पाहिल्यासारखा. बायांमध्ये जराशी हालचाल झाली; कवाचं थेच माहीत नाई, तं कुंकू कायले पुसाचं, असं एकीनं हळूच म्हटलं. मग गजूची सून पुढे आली. तिच्या हातात आरतीचं ताट होतं, त्यातलं कुंकू तिनं बोटावर घेतलं आणि आधी सोनामायला लावलं.

“मोठीमाय, पुढच्या आठवड्यात महालक्ष्म्या हायेत. सवाष्णीच्या पाटावर तुमालेच बसाचं हाय.”

“येतो ना,” सोनामाय म्हणाली. “पन पुरन जरा गोड कर. मांगच्या साली पार फिक्कं झालतं.”